धूर दिसत नाही, पण भुकटी उडते

वाहनांच्या प्रदूषणाचा विषय काढला की माझे रुग्ण हमखास सांगतात, "डॉक्टर, गाडीची पीयूसी काढली आहे." पण पीयूसीत तपासला जातो तो फक्त सायलेन्सरचा धूर. ब्रेक दाबला की लायनर झिजतात, रस्त्यावर टायर घासतात आणि त्यांची भुकटी हवेत मिसळते. ती या तपासणीत येत नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियमांमुळे नव्या गाड्यांचा धूर कमी झाला. झीज मात्र थांबली नाही. युरोपने ब्रेकच्या भुकटीवर मर्यादा घालणारे 'युरो-७' नियम २०२४ मध्ये मंजूर केले. आपले नाशिकही २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर दिवसभर किती ब्रेक लागतात, याचा विचार करा.

या भुकटीत लोखंड, तांबे यांसारख्या धातूंचे कण असतात. त्यातले अतिसूक्ष्म कण फुफ्फुसात खोलवर जातात. दमेकरी, हृदयरोगी, वृद्ध आणि लहान मुले यांना त्यांचा त्रास अधिक.

मग काय करावे? सकाळचा फेरफटका हमरस्त्याच्या कडेने नको. नाकाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही. सिग्नल दुरून दिसताच वेग कमी करा. टायरमध्ये योग्य हवा ठेवा. गॅरेजवाल्या बंधूंनी ब्रेकचा ड्रम हवेच्या झोताने साफ न करता ओल्या फडक्याने पुसावा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि पहिला श्वास त्यांचाच असतो.