पाखराची खरी ताकद पोटात

लेखमाला : परसापासून शेडपर्यंत
लेखांक सातवा

मागच्या लेखांकात आपण लसीकरणाचं वेळापत्रक पाहिलं. पहिल्या दिवशी मरेक्स, पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची म्हणजे राणीखेतची लासोटा, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो आणि चौथ्या आठवड्यानंतर पुन्हा लासोटा. त्यावर पोल्ट्रीवाल्यांचा एक प्रश्न हमखास येतो : "लस वेळेवर दिली, तरी मरतूक थांबत नाही. असं का?"

त्याचं उत्तर पुष्कळदा लसीच्या बाटलीत नसतं, पाखराच्या आतड्यात असतं. लस शरीराला शत्रूची ओळख करून देते, लढावं लागतं शरीरालाच. ही लढण्याची ताकद मोठ्या प्रमाणात आतड्यात तयार होते आणि तिचा पाया पहिल्या तीन आठवड्यांत पडतो. आज एवढी एकच गोष्ट नीट समजून घेऊ. ती समजली की पाणी, तूस, खाद्य आणि औषध या चारही बाबतीत काय करायचं ते उमगत जातं.

कोऱ्या आतड्याचं पिलू

घरची खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते आणि पिलं निघाली की त्यांना घेऊन उकिरडा उकरायला लागते. पिलं तिच्यामागे दाणे टिपतात, तिची विष्ठा पडलेल्या मातीत चोच मारतात. पाहणाऱ्याला ते घाणेरडं वाटेल, पण त्या टिपण्यातूनच आईच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू पिलांच्या पोटात जातात. हॅचरीतल्या पिलाच्या नशिबी आई नसते. त्याचं आतडं जवळजवळ कोरं असतं. अशा मोकळ्या जागेत जो जिवाणू आधी पोचतो, तोच बस्तान मांडतो.

हे पहिल्यांदा नीट दाखवून दिलं फिनलंडमध्ये. १९७१ मध्ये तिथल्या ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला इन्फँटिस या जिवाणूचा मोठा फैलाव झाला. एस्को नुर्मी आणि त्यांचे सहकारी रांताला यांनी निरोगी, वयात आलेल्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज नुकत्याच निघालेल्या पिलांना पाजला आणि नंतर त्यांना मुद्दाम साल्मोनेला दिला. ज्यांच्या पोटात चांगल्या जिवाणूंनी आधीच जागा धरली होती, त्या पिलांत साल्मोनेलाला फारसा शिरकाव मिळाला नाही. १९७३ मध्ये 'नेचर' या शोधपत्रिकेत हे काम छापून आलं. आज बाजारात मिळणाऱ्या प्रोबायोटिक पुड्यांचं बरंचसं मूळ तिथे आहे. खुडूक कोंबडी रोज न सांगता जे करते, तेच नुर्मींनी प्रयोगशाळेत सिद्ध केलं.

पोटात नेमकं काय घडतं? गळ्याखालच्या पिशवीत दाणा भिजतो आणि लॅक्टोबॅसिलस जिवाणू तिथे आंबटपणा तयार करतात. पोट्यात दाणा दळला जातो, लहान आतड्यात पचतो. शेवटी दोन आंधळी आतडी असतात. तिथे अब्जावधी जिवाणू न पचलेला कोंडा आंबवून ब्युटिरिक आम्लासारखे पदार्थ बनवतात आणि त्यांवर आतड्याच्या अस्तराचं पोषण होतं. हे अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. एका बाजूला खाद्य, जिवाणू आणि विष, दुसऱ्या बाजूला रक्त. कोंबडीला आपल्यासारख्या लसिकाग्रंथीही नसतात. त्यामुळे अस्तरालगत आणि आंधळ्या आतड्यांच्या तोंडाशी असलेल्या प्रतिकारक पेशींच्या गाठींवर बराच भार पडतो.

म्हणून पिलू आल्यावर त्याच्या पोटात लवकरात लवकर खाद्य आणि पाणी गेलं पाहिजे. पिलाच्या पोटात अंड्यातला बलक थोडा शिल्लक असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरतं. पण म्हणून खाद्य उशिरा द्यायचं, हा समज महागात पडतो. खाद्य आतड्यात उतरलं की बलकही लवकर जिरतो आणि आतडं झपाट्याने वाढतं.

हे तपासायला यंत्र लागत नाही. पिलं ब्रूडरखाली सोडून चोवीस तास झाले की वेगवेगळ्या कोपऱ्यांतली पंधरा-वीस पिलं एकेक करून हातात घ्या. गळ्याखालची पिशवी अंगठा आणि तर्जनीने अलगद दाबा. भरलेली आणि मऊ लागली तर पिलाला खाद्य आणि पाणी दोन्ही सापडलं आहे. खडे असल्यासारखी टणक लागली तर खाद्य मिळालं, पाणी मिळालं नाही. नुसत्या पाण्याने फुगली असेल तर खाद्य सापडलेलं नाही. शंभरातल्या पंचाण्णव पिलांची पिशवी भरलेली असायला हवी. तशी नसेल तर ब्रूडरची ऊब, उजेड आणि भांड्यांची मांडणी त्याच दिवशी सुधारा.

बर्साची गोष्ट

कोंबडीच्या शेपटीखाली, विष्ठेच्या वाटेलगत, एक लहान पिशवी असते. इटलीतल्या पाडुआचे शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी तिचं वर्णन केलं म्हणून तिला बर्सा ऑफ फॅब्रिसियस म्हणतात. ते वर्णन १६२१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालं. पुढची तीनशेहून अधिक वर्षं ही पिशवी कशासाठी आहे, ते कुणालाच कळलं नव्हतं.

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक हे विद्यार्थी पिलांची बर्सा काढून त्यांच्या वाढीवर काय परिणाम होतो ते पाहत होते. त्यांचे सहाध्यायी टिमथी चांग यांना वर्गात प्रतिपिंडं दाखवायची होती. त्यासाठी त्यांनी ग्लिक यांच्याकडच्या कोंबड्या नेल्या आणि त्यांना साल्मोनेलाचा अंश टोचला. प्रतिपिंडं तयारच झाली नाहीत. चौकशी केल्यावर कळलं, त्या कोंबड्यांची बर्सा लहानपणीच काढलेली होती. 'सायन्स' या नामांकित शोधपत्रिकेने हा लेख नाकारला. अखेर १९५६ मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये आला. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना आज जगभर 'बी' पेशी म्हणतात, त्यातला 'बी' या बर्सावरूनच आला. माणसाच्या प्रतिकारशक्तीचं एवढं मोठं कोडं कोंबडीच्या शेपटीखाली सुटलं.

आता गंबोरोकडे वळू. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या गंबोरो गावाच्या परिसरात १९५७ मध्ये हा रोग दिसला. त्याचा विषाणू थेट बर्सावरच घाला घालतो. तीन ते सहा आठवड्यांचं पाखरू गंबोरोतून वाचलं तरी त्याची बर्सा निकामी होऊ शकते. अशा पाखराला नंतर लासोटा द्या नाहीतर आणखी काही, प्रतिपिंडं पुरेशी बनत नाहीत. लस दिली तरी मानमोडी आली, असं जिथे म्हटलं जातं, तिथे मधल्या काळात गंबोरो येऊन गेला होता का, हे पशुवैद्यकाला आवर्जून विचारा. मेलेल्या पाखराचं शवविच्छेदन करून घ्या. फेकून दिलेलं पाखरू काहीच सांगत नाही, उघडून पाहिलेलं पुष्कळ सांगतं.

खारपाणपट्ट्यातलं पाणी, शेडमधलं तूस

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लहान पोरही सांगतं : घाटावर आणि घाटाखाली. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांच्या बऱ्याच भागांतून खारपाणपट्टा जातो. तिथल्या बोअरच्या पाण्याने पिकांना काय होतं ते शेतकऱ्याला ठाऊक आहे, पाखरांना काय होतं ते मात्र फारसं बोललं जात नाही.

पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला १००० मिलिग्रॅमच्या आत असले तर पाखरांना त्रास होत नाही. ते ३००० च्या वर गेले की विष्ठा पातळ होते, वाढ खुंटते आणि मरतूकही वाढू शकते. शरीरातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकायला पाखरू अधिक पाणी पितं. ते पाणी विष्ठेतून तुसावर येतं, तूस ओलं होतं आणि तिथून रक्ती हगवणीचा रस्ता मोकळा होतो.

रक्ती हगवण आयमेरिया नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे होते. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा रोग पसरवण्याजोगी नसतात. त्यांना ऊब, हवा आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात. ऊब आणि हवा शेडमध्ये असणारच, आपल्या हातात आहे ती ओल. आयमेरिया आतड्याचं अस्तर फाडतो. त्या जखमेतून झिरपणाऱ्या प्रथिनांवर क्लॉस्ट्रिडियम जिवाणू पोसला जातो आणि आतडं सडायला लागतं. एका रोगाने दुसऱ्याला दार उघडून दिलेलं असतं.

उलट तूस कोरडं असेल तर परजीवीची थोडीशीच अंडी पोटात जातात आणि पाखरू हळूहळू त्याला तोंड द्यायला शिकतं. याच तत्त्वावरची जिवंत लस अमेरिकेत १९५२ पासून वापरात आहे.

तुसाची परीक्षा सोपी आहे. पाण्याच्या भांड्याजवळचं मूठभर तूस घ्या, घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ते फार ओलं आहे. थोडं चिकटून लगेच मोकळं झालं तर ठीक. गळके निपल बदला, तूस रोज हलवा, गोळे झालेलं तूस बाहेर काढा. बोअरचं पाणी तपासून घ्या, आणि ते खारट असेल तर खाद्यातलं मीठ तज्ज्ञाच्या सल्ल्याने कमी करा. पाण्यातून लस देताना त्या पाण्यात ब्लीचिंग पावडरीचा अंश नको. लिटरला दोन-अडीच ग्रॅम साय काढलेली दूध पावडर मिसळली की उरलासुरला क्लोरीन लसीला मारत नाही.

घाटाखालचा उन्हाळाही पोटावरच येतो. पारा चाळीसच्या वर गेला की धापा टाकणारं पाखरू रक्त कातडीकडे वळवतं, आतड्याला ते कमी पडतं आणि अस्तर सैल होऊन जिवाणू रक्तात शिरतात. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, दुपारी फक्त थंड पाणी.

मका, सोयाबीन आणि बुरशी

पाखरांच्या खाद्याचे दोन मोठे घटक आपल्याच शिवारात पिकतात. चिखली, मेहकर, लोणारकडे सोयाबीन आहे, देऊळगाव राजा, मोताळ्याकडे मका. त्यामुळे घरीच खाद्य दळावं असं पुष्कळांना वाटतं, आणि ते चुकीचं नाही. पण दोन पथ्यं पाळावी लागतात.

पहिलं पथ्य, कच्चं सोयाबीन कधीच घालू नये. त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही, स्वादुपिंड सुजतं आणि न पचलेल्या प्रथिनांवर घातक जिवाणू वाढतात. सोयाबीन नीट भाजलेलं हवं, नाहीतर तेल काढलेली पेंड वापरावी.

दुसरं पथ्य मक्याचं. काढणीच्या वेळी पाऊस लागलेल्या, ओल राहिलेल्या मक्यावर ॲस्परजिलस बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. थोड्या मात्रेत ते पाखराला मारत नाही, पण यकृत पोखरतं, बर्सा आकसवतं आणि दिलेली लस वाया घालवतं. मका भाजल्याने किंवा वाळवल्याने आधी तयार झालेलं विष जात नाही. म्हणून बाजारात ज्या मक्याला भाव मिळाला नाही तो कोंबड्यांना, हा हिशोब मनातून काढून टाका. मका साठवताना ओलावा तेरा-चौदा टक्क्यांच्या आत हवा.

औषधाची सवय

आतड्याचं दुखणं दिसलं की हात प्रतिजैविकाच्या पुडीकडे जातो. तिथे थांबा. पुडी वाईट जिवाणूंबरोबर चांगलेही मारते आणि पिलू पुन्हा कोऱ्या आतड्याचं होतं. जगाने हा धडा सावकाश घेतला. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविकं देणं बंद केलं, युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली, कारण माणसाच्या अत्यवस्थ आजारात डॉक्टरांच्या हाती राहणारं ते शेवटच्या औषधांपैकी एक आहे. शेडमध्ये जिवाणू औषधाला सरावला तर तो शेडमध्येच राहत नाही. औषध द्यायचंच तर पशुवैद्यकाच्या चिठ्ठीने, पूर्ण दिवस, आणि विक्रीआधी सांगितलेले दिवस मोकळे सोडून.

वाढ की ताकद?

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ आणि २००५ च्या ब्रॉयलर जाती एकाच खाद्यावर वाढवल्या. छप्पन्न दिवसांत जुनी जात ९०५ ग्रॅमची झाली, नवी ४२०२ ग्रॅमची. या वाढीची किंमत असते. अमेरिकेत पॉल सिगेल यांनी पिढ्यानपिढ्या जास्त प्रतिपिंडं बनवणाऱ्या कोंबड्या निवडल्या, तेव्हा त्यांचं वजन घटत गेलं. खाल्लेलं अन्न मांसाला जातं किंवा राखणीला.

म्हणूनच जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या सातपुड्याच्या पायथ्याशी घरोघरी वावरणारी गावरान कोंबडी हलकी असली तरी काटक आहे. तिचा काटकपणा आणि सुधारित जातीची अंडी यांची सांगड घालायचा प्रयत्न हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा, ग्रामप्रिया या जातींत केला. मात्र मानमोडीपुढे गावरान कोंबडीही टिकत नाही. परसातल्या कोंबड्यांना लस मिळत नाही, कारण शंभर मात्रांची बाटली दहा कोंबड्यांसाठी कोण फोडणार? उपाय एकच : सगळ्या वाडीने एक दिवस ठरवून एकत्र लस द्यावी.

पोटाच्या ताकदीलाही मर्यादा आहेत. नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आला, तेव्हा धडधाकट पाखरंही वाचली नाहीत. एकाएकी मोठी मरतूक दिसली तर पाखरं विकू नका, फेकू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. एरवीच्या दुखण्यांत मात्र पहिले एकवीस दिवस कोरडं तूस, गोडं पाणी आणि बिनबुरशीचं खाद्य ज्याने सांभाळलं, त्याच्या लसीला फळ येतं आणि औषधाचा खर्च उतरतो. जिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रं आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांना प्रश्न विचारा, नमुने घेऊन जा.

पुढील लेखांकात : बोअरचं पाणी कसं तपासायचं आणि अहवाल कसा वाचायचा.