मालवणची प्रवाळे आणि पाणबुड्याचा श्वास



मालवणला जाऊन आलेला माणूस हल्ली आल्याआल्या सांगतो, "ऑक्सिजनचा सिलिंडर लावून समुद्राच्या तळाशी जाऊन आलो." त्याचा आनंद खराच असतो, पण वाक्यात दुरुस्ती करायला हवी. त्या सिलिंडरात ऑक्सिजन नसतो. आपण ह्या मांडवात बसून घेत आहोत तीच हवा गाळून, दाबून त्यात भरलेली असते. निव्वळ प्राणवायू घेऊन कोणी सहा-सात मीटरांच्या खाली गेला, तर तोच प्राणवायू त्याला विषासारखा बाधतो आणि पाण्यातच आकडी येण्याची भीती असते. पाण्याखाली नेमके काय घडते हे कळले, म्हणजे स्कूबाची मौजही कळते आणि त्या मौजेसाठी कोणाचे अंग झिजते हेही कळते. आज मला ह्या दोन्हींविषयी बोलायचे आहे.

कोलशेतच्या माणसाला हा विषय परका वाटू नये. इथे रंग-रसायनांचे कारखाने होते तेव्हाही आणि आता त्या जागांवर उंच इमारती उभ्या राहिल्यावरही, आपल्या खाडीने बुडी मारून पोट भरणारी माणसे पाहिली आहेत. सरकारी कागदात रेती काढण्याच्या ह्या रीतीला 'हातपाटी-डुबी' म्हणतात. होडीजवळ लांब खांब तळाशी रोवायचा, छातीत हवा भरून घ्यायची, खांबाला धरून तीस-चाळीस फूट खाली जायचे, चिखलाच्या काळोखात हाताने चाचपून बादली भरायची आणि वर यायचे. दिवसभर हेच. रेती ब्रासने मोजली जाते. बुड्या कोणी मोजल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आता दाबाचा हिशेब पाहू. माझे शालेय शिक्षण फार नाही, विज्ञान मी वाचनालयात बसून शिकलो, म्हणून सोपेच सांगतो. जमिनीवर आपल्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरांना त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. दहा मीटरांवर दाब दुप्पट होतो आणि छातीत भरून नेलेली हवा निम्म्या जागेत मावते. डुबीवाला वर येतो तेव्हा ती पुन्हा मूळच्या आकाराची होते. त्याची फुप्फुसे चेपली जातात, पण फाटत नाहीत, कारण त्याने नेली तेवढीच हवा तो परत आणतो. त्रास होतो तो कानांना. पडद्याच्या बाहेरचा दाब वाढतो आणि आतला तसाच राहतो. नाक चिमटीत धरून हळूच आत फुंकले, की घशातून कानाकडे जाणारी बारीक नळी उघडते आणि दोन्ही बाजू समान होतात. हे दर काही फुटांना करावे लागते. सर्दी झालेल्या माणसाची ती नळी बंद असते. जोर केला तर पडदा फाटतो. स्कूबाच्या दुकानात पैसे भरून झाले असले, तरी सर्दी असताना पाण्यात उतरू नये.

स्कूबाचे यंत्र १९४३ साली फ्रान्समध्ये तयार झाले. जाक-ईव्ह कुस्तो हा नौदलातला अधिकारी आणि एमिल गान्याँ हा वायूच्या कंपनीतला अभियंता. महायुद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी वायूवर चालवण्याची खटपट चालू होती आणि गान्याँने त्यासाठी एक झडप केली होती. तीच झडप बदलून पाणबुड्याच्या तोंडाशी आली. तिचे काम असे: माणूस ज्या खोलीवर असेल, तिथल्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा, तो ओढील तेव्हा आणि तेवढीच द्यायची. बारा लिटरांच्या टाकीत दोनशे पट दाबाने हवा भरली, तर ती मोकळेपणी सुमारे २,४०० लिटर होते. मिनिटाला वीस लिटर लागतात असे धरले, तर दहा मीटरांवर दुप्पट म्हणजे चाळीस लागतील आणि टाकी तासभर पुरेल. तीस मीटरांवर तीच टाकी अर्ध्या तासात संपेल. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, त्याचा हिशेब ह्याहून लवकर आटोपतो.

इथेच कोलशेतचा डुबीवाला आणि मालवणचा पाणबुडा ह्यांच्या वाटा वेगळ्या होतात. डुबीवाल्याने श्वास धरायचा असतो. पाणबुड्याने तो कधीही धरायचा नसतो. कारण हा दुसरा माणूस खाली गेल्यावर तिथल्या दाबाची हवा छातीत भरून घेतो. सहा मीटरांवर पूर्ण श्वास घेऊन तो तोंड मिटून वर आला, तर ती हवा वर येता येता दीडपटीहून अधिक फुगू पाहते आणि फुप्फुसाला तेवढी जागा नसते. ते फाटते. ह्यासाठी फार खोल जावे लागत नाही. पुरुषभर पाण्यातूनही असे घडू शकते. खाली घाबरलेल्या माणसाला श्वास रोखून एकदम वर झेप घ्यावीशी वाटते, आणि तेच सर्वांत घातक असते. म्हणून सोबतचा प्रशिक्षक त्याला मागून धरून असतो.

दुसरा धोका नत्रवायूचा. हवेचा बराच मोठा भाग नत्रवायू असतो. एरवी तो आपल्याला काहीच करीत नाही, पण दाबाखाली तो रक्तात आणि चरबीत विरघळत जातो. सावकाश वर आले तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आले तर सोड्याची बाटली उघडल्यावर होते तसे अंगात बुडबुडे होतात, सांधे असह्य दुखतात, कधी पाय कायमचे जातात.

हे ज्ञान जगाला हौशी पाणबुड्यांमुळे झालेले नाही. अमेरिकेत सेंट लुई इथे आणि पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलासाठी नदीच्या तळाशी प्रचंड उपड्या पेट्या बसवल्या आणि पाणी आत येऊ नये म्हणून त्यांत दाबलेली हवा भरली. मजूर त्या पेटीत उतरून तळ खणीत. पाळी संपवून वर आले की काही जण कळवळून वाकत. सेंट लुईच्या मजुरांनी थट्टेने त्या वाकण्याला त्या काळच्या शौकीन बायकांच्या चालीचे नाव दिले, आणि 'बेंड्स' हा शब्द तिथून रूढ झाला. मे १८७२ मध्ये ब्रुकलिनच्या पेटीत काम करणारी माणसे एकापाठोपाठ मेली, तेव्हा बाकीच्यांनी मजुरीवाढीसाठी संप पुकारला. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः ह्याच व्याधीने पंगू झाला. पूल १८८३ साली खुला झाला. पोल बेर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली नत्रवायूचे कारण सिद्ध केले आणि जॉन स्कॉट हॉल्डेनने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके ब्रिटिश नौदलासाठी मांडली. आज पाणबुड्याच्या मनगटावर जे घड्याळासारखे यंत्र असते, त्याच्या पोटात ह्याच विचाराची वाढलेली गणिते आहेत. माझ्यासारख्या संघटनेच्या माणसाला त्या यंत्राकडे पाहताना ती पेटीतली माणसे आठवतात, त्याला इलाज नाही.

श्वास धरून जाणारा ह्यातून पूर्ण सुटतो असेही नाही. पॅसिफिकमधल्या तुआमोटू बेटांवरचे मोती काढणारे लोक दिवसभर खोल बुड्या मारीत. काहींना भोवळ येई, काहींना लकवा होई. ते ह्याला 'तारावाना' म्हणत. प्रत्येक बुडीत थोडा नत्रवायू मुरतो, आणि मधली विश्रांती अपुरी असली तर तो साठत जातो.

एवढे समजून घेऊन आता मालवणच्या पाण्यात उतरू. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, तेव्हा भोवतालचे पाण्याखालचे खडक शत्रूच्या गलबतांना अडचणीचे ठरतील हे हेरले होते. त्याच खडकांवर आज आपण प्रवाळे पाहायला जातो. लक्षद्वीपसारखी सलग प्रवाळबेटे इथे नाहीत, ठिकठिकाणी वसाहती आहेत. प्रवाळाला स्वच्छ, उबदार, खारे आणि उन्हाचे पाणी लागते. आपल्या खाडीत गोडे पाणी आणि गाळ दोन्ही भरपूर, म्हणून इथे ते नाही. मालवणच्या किनाऱ्यालाही नद्यांचा गाळ पावसाळ्यात येतोच. त्यात जी जाती टिकली ती चिवट म्हणायची.

प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे. तो प्राणी आहे. चिमुकले, नळीसारखे, तोंडाभोवती बारीक बाहू असलेले हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्याखाली चुनखडीचे घर बांधतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहते. शेवाळाला आसरा मिळतो आणि ते उन्हावर अन्न करून घरमालकाला त्यातले बरेचसे देते. प्रवाळाचा रंगही मुख्यतः ह्या भाडेकरूचा. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंश गरम होऊन काही आठवडे तसेच राहिले, की हे नाते तुटते, शेवाळ बाहेर पडते आणि पांढरा सांगाडा दिसू लागतो. तो लगेच मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर सावरतो. १९९८, २०१० आणि २०१६ ह्या वर्षी भारतीय समुद्रात असे मोठ्या प्रमाणावर झाले, आणि २०२४ साली जगभर पुन्हा तेच चालू असल्याचे जाहीर झाले. गोल, भरीव जातीचे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. फोटोसाठी त्यावर पाय देऊन उभा राहणारा माणूस एका क्षणात किती वर्षे मोडतो, ते आपणच मोजावे.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, २९.१२ चौरस किलोमीटरांचे. मासेमारी बंद होईल ह्या भीतीने तिथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि ती भीती मला अनाठायी वाटत नाही. पोटाचा प्रश्न आधी न सोडवता आखलेली सीमा कागदावरच राहते. २००१ पासून प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंक्तीला संरक्षण आहे. तुकडा घरी आणणे गुन्हा आहे.

पुढे पर्यटन आले, तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था उभी राहिली, आणि कोळ्यांची, गाबितांची मुले प्रशिक्षक झाली. पाहुणा एकदाच खाली जातो, पंधरा-वीस मिनिटे, पंधरा-वीस-पंचवीस फूट. त्याला धरून नेणारा तरुण हंगामाच्या गर्दीत पुन्हा पुन्हा खाली-वर करतो. एवढ्या उथळ पाण्यात नत्रवायूचा धोका थोडा, हे खरे. पण कानांचा पडदा आणि थकवा ह्यांचा हिशेब खोलीवर नसून फेऱ्यांवर असतो. थकलेल्या हाताने घाबरलेल्या माणसाला धरायचे असते. पावसाळ्यात धंदा बंद, म्हणून चार महिन्यांची कमाईही ह्याच फेऱ्यांतून काढायची. आमच्या खाडीतल्या बुड्यांसारखीच ह्या फेऱ्यांची मोजणी झाली पाहिजे, ही माझी मागणी आहे.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी विचारा: आज ह्या मुलाची कितवी फेरी? मधे त्याला किती वेळ बसायला मिळाले? बोटीत माणसे किती आणि जाकिटे किती? मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोघे गेले. ती माणसे पाण्याखालून सुखरूप वर आली होती. कारखान्यात काम केलेल्यांनी सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीखही वाचावी, आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्या धुराजवळ तर नाही ना, ते पाहावे. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड टाकीत गेला, तर वास येत नाही आणि खोलीवर त्याचा परिणाम वाढतो. दमा, हृदयविकार, कानाचे जुने दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी वरून, होडीतूनच पाहावे.

परतीचा एक हिशेब राहिला. वर गेल्यावर हवेचा दाब कमी होतो, आणि अंगात उरलेल्या नत्रवायूला बुडबुडे व्हायला तेवढे निमित्त पुरते. म्हणून एका बुडीनंतर निदान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास विमानात बसू नये असे सांगतात. चिपीच्या विमानतळावरून त्याच संध्याकाळी परतण्याचा बेत करू नये. आंबोलीचा घाटही दोन हजार फुटांहून उंच चढतो. एक रात्र मालवणला काढावी. माशाचे जेवण तिथे चांगले मिळते.