नागपूरचा कूलर मुंबईत का चालत नाही?

मे महिन्यात नागपूर ४४ आणि मुंबई ३३ असे आकडे पेपरात शेजारी शेजारी छापून येतात आणि मुंबईकराला नागपूरकराची कीव येते. ती निम्मी तरी वाया जाते, असं माझं मत आहे. उन्हाळा किती सोसवतो हे पाऱ्याइतकंच हवेच्या कोरडेपणावर ठरतं, आणि तो कोरडेपणा दाखवणारं उत्तम यंत्र नागपुरातल्या खिडकीखिडकीबाहेर उभं असतं: पत्र्याचा कूलर.

तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, तळाशी पाणी, ते वर चढवणारा छोटा पंप आणि ओल्या ताट्यांतून हवा ओढणारा पंखा, एवढाच त्याचा पसारा. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ती हवेतूनच जाते, म्हणून हवा गार होते. पण किती गार? तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथे थांबतो, फार तर तिथवर. हवा ४४ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा पारा २३च्या आसपास उतरतो. मुंबईच्या ३३ अंशांत, ७० टक्के आर्द्रतेला, तो २८च्या आसपासच अडतो. माणसाचं अंगही घाम वाळवूनच थंड होतं, आणि मुंबईत घाम निथळतो, वाळत नाही. हवामान खात्यालाही हा भेद मान्य आहे: उष्णतेची लाट म्हणायला मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० लागतं, किनाऱ्यावर ३७ पुरतं.

यावर वैदर्भीय माणूस विचारेल, मग आमच्याकडे ऊन लागून माणसं का दगावतात? प्रश्न रास्त आहे. त्वचेचं तापमान ३५च्या आसपास असतं; हवा त्याहून तापली की वारा अंगातली उष्णता न्यायची सोडून उलट आत ओततो. शिवाय घाम दिसायच्या आत उडून जातो, त्यामुळे शरीरातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. ओल्या फडक्याचा हिशेब सावली आणि पाणी हाताशी असणाऱ्यापुरता खरा; भर दुपारी रस्त्यावर डांबर पसरणाऱ्याच्या तो कामाचा नाही. पण मुंबईजवळचं खारघरही विसरू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण सोहळ्यासाठी उघड्या मैदानात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले, तेव्हा परिसरातला पारा ३८च्या आसपास होता. नागपुरात एप्रिलमधल्या ३८ची बातमीही होत नाही.

बाकी सगळी करामत समुद्राची. नागपूर त्यापासून शेकडो किलोमीटर आत, म्हणून तिथला पारा २३ मे २०१३ला ४७.९वर चढला आणि २९ डिसेंबर २०१८ला ३.५वर घसरला. विधिमंडळाचं अधिवेशन मात्र तिथे हिवाळ्यात भरतं. मेमध्ये भरवलं असतं तर कूलरवर एखादी लक्षवेधी नक्की लागली असती. पावसाचं म्हणाल तर नागपूरला वर्षभरात साधारण ११०० मिलिमीटर पडतो, आणि सांताक्रूझला २६ जुलै २००५च्या एका दिवसात ९४४ पडला.

आणि हा पाऊस नागपुरात पोचला की कूलरचंही बिनसतं. जुलैत पारा ३२वर आलेला असतो, पण हवा ओलीने भरलेली. पंप चालू ठेवला तर अंथरूण चिकट होतं, भिंतींना कुबट वास येतो. मग पंप बंद करून नुसता पंखा फिरवतात.