फ्लॉपीत मावलेला आलेख

आलेख काढून दाखवणारा हातातला कॅल्क्युलेटर कॅसिओने १९८५ साली बाजारात आणला. बुलढाणा जिल्ह्यातल्या दप्तरांत तो यायचं काही कारणच नव्हतं. बोर्डाच्या पेपरला साधा कॅल्क्युलेटरही चालत नसे; गुणाकार-भागाकार लॉग टेबलवर, वक्र ग्राफ पेपरवर, आणि उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण : १ सेमी = १ एकक’ लिहिलं नाही तर गुण कापले जायचे. शेगावचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ मध्ये सुरू झालं. तिथल्या पोरांकडे सायंटिफिक कॅल्क्युलेटर असायचे, पण त्यांच्या पट्टीवर उमटायचे नुसते आकडे. वक्र बघायचा तर कॉम्प्युटर हवा, आणि कॉम्प्युटर असला तरी सॉफ्टवेअर कुठून आणायचं?

२००० च्या आसपास खामगाव-मलकापूरच्या घरांत असेंबल केलेले पीसी येऊ लागले तेव्हा हा शोध खरा सुरू झाला. मॅटलॅब महागडं, म्हणून त्याच्या चोरट्या सीड्या फिरायच्या. आणि तेवढ्या अगडबंब पसाऱ्यातून हवा असायचा एक पॅराबोला! खरा उपयोगी निघाला विनप्लॉट. अमेरिकेतल्या फिलिप्स एक्झिटर शाळेतले गणिताचे शिक्षक रिचर्ड पॅरिस यांनी तो लिहिला आणि फुकट वाटला. झिप केला की एका फ्लॉपीत मावायचा. डायल-अपवर मिनिटांत उतरायचा. ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर यांनी पदव्युत्तर प्रबंधासाठी सुरू केलेला जिओजेब्राही त्याच सुमारास आला. तो जास्त देखणा, पण आधी जावा हा प्रोग्रॅम लागायचा, आणि जावा उतरवायचा म्हणजे तास-दीड तास फोन अडकलेला. त्यात भारनियमन. लाइट गेली की डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून. गुणवत्तेपेक्षा आकाराने लहान असणं हाच तेव्हा सॉफ्टवेअरचा मोठा गुण होता, असं माझं मत आहे.

सॉफ्टवेअर मिळालं तरी पडदा कोरा राहायचा, ती गंमत वेगळी. जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली साधारण १५० मीटर. त्याचा छेद पॅराबोला धरला तर एक्सच्या वर्गाला ५४०० ने भागायचं आणि १५० वजा करायचे. हे टाइप करून एंटर मारलं की काहीच दिसत नाही, कारण खिडकी उघडलेली असते उणे दहा ते दहा आणि वक्राचा तळ उणे दीडशेवर. नवखा माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. ग्राफ पेपरवर प्रमाण लिहून हात दुखवलेल्या पोराला मात्र लगेच उमगतं : आडवा अक्ष हजारापर्यंत न्या, उभा खाली दोनशेपर्यंत. मग वक्र दिसतो, आणि तो चुकीचा आहे हेही दिसतं. सरोवराचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर, म्हणजे मध्यापासून ६०० मीटरवर पाण्याची कड. ती विवराच्या काठापासून साधारण १३७ मीटर खाली आहे. आपला वक्र तिथे जेमतेम ८३ मीटर उतरलेला असतो. लोणारच्या भिंती तीव्र उताराच्या आणि तळ सपाट आहे. ही वाटी पॅराबोलाची नाही.

पुढचा प्रवास भराभर झाला. २०११ मध्ये ब्राउझरमध्येच चालणारं डेसमॉस आलं आणि इन्स्टॉल करायची कटकटच संपली. २०१२ मध्ये पॅरिस वारले आणि विनप्लॉट होता तिथेच थांबला. २०१६ मध्ये जिओचं मोबाइल नेटवर्क आल्यावर जिओजेब्रा पोरांच्या मोबाइलमध्ये शिरला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलने त्याचे धडे मराठीतूनही ऐकवले. २०२० मध्ये तर विंडोजच्या स्वतःच्या कॅल्क्युलेटरमध्येच आलेखाची सोय झाली, आणि ती शोधायला कोण जातंय?

आता जिओजेब्रात लोणारच्या विवराचा उपग्रह-फोटो टाकून काठावरच्या तीन बिंदूंतून वर्तुळ काढा. बहुतेक काठ रेषेवर बसतो. ईशान्येला, ‘धार’ नावाच्या झऱ्याच्या घळीकडे, तो वर्तुळ मोडून बाहेर निघतो.