दूरदेशीच्या माहितीची वाट अडते कोठे?

जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधन संस्थेच्या भव्य कणत्वरकात प्रोटॉनांच्या टकरी घडवून आणल्या जातात. त्यांतून मिळणाऱ्या अफाट माहितीचे विश्लेषण एकाच ठिकाणी होणे शक्य नसल्याने ती जगभरच्या संगणक केंद्रांकडे वाटून दिली जाते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था हे त्यांपैकीच एक केंद्र होय. मात्र एवढी माहिती इतक्या दुरून वेगाने आणावयाची, तर केवळ मोठ्या क्षमतेची वाहिनी घेऊन भागत नाही.

असे का व्हावे? इंटरनेटवरून जाणारी माहिती लहान लहान पॅकेटांत विभागलेली असते आणि ती मिळाल्याची पोच पाठविणाऱ्या संगणकास परत यावी लागते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. तरीही जाण्यायेण्यास वेळ हा लागतोच. समजा, हा वेळ ०.१५ सेकंद आहे. १९८१ च्या 'टीसीपी' नियमावलीनुसार पोच येण्यापूर्वी फार तर ६५,५३५ बाइट पाठविता येत. या हिशेबाने एक टेराबाइट माहिती आणण्यास २६ दिवसांहून अधिक काळ लागेल! वाहिनी १० गिगाबिट क्षमतेची असेल, तर तेच काम वस्तुतः सुमारे साडेतेरा मिनिटांत व्हावयास हवे. उरलेला सर्व काळ वाहिनी रिकामी आणि संगणक पोचेची वाट पाहत बसलेला, अशी ही स्थिती.

यावरील पहिला उपाय म्हणजे पोचेविना पाठविण्याची मर्यादा वाढविणे. १९९२ मध्ये नियमावलीत तशी सोय झाली. वरील उदाहरणात वाहिनी भरलेली राहण्यासाठी सुमारे १९ कोटी बाइट एकाच वेळी वाटेवर असावे लागतात. आजचे संगणक ही मर्यादा आपोआप वाढवितात. परंतु त्यांची नेहमीची कमाल मर्यादा अशा वाहिनीस अपुरी पडते. ती जाणीवपूर्वक वाढवावी लागते.

दुसरी अडचण हरवलेल्या पॅकेटांची. जुन्या पद्धतीत एक पॅकेट हरवले की संगणक आपला वेग निम्म्यावर आणतो आणि पुढे प्रत्येक फेरीस एकेका पॅकेटाने वाढवितो. १,५०० बाइटांची पॅकेटे धरल्यास पूर्ववत होण्यास अडीच तासांहून अधिक वेळ जातो. म्हणूनच 'क्यूबिक'सारख्या, लवकर सावरणाऱ्या पद्धती पुढे आल्या. एकच फाइल अनेक समांतर प्रवाहांतून पाठविल्यासही हानी एका प्रवाहापुरती मर्यादित राहते.

याखेरीज दोन्ही टोकांच्या डिस्कांचा वेग पुरेसा हवा आणि आलेली फाइल मुळाबरहुकूम असल्याची पडताळणीही हवी.

वाहिनीवर मोठा खर्च होतो आणि तो बहुधा सार्वजनिक पैशातून होतो. तेव्हा अधिक क्षमतेची मागणी करण्यापूर्वी, असलेली क्षमता कोठे वाया जाते हे तपासणे अगत्याचे आहे.