टोपीतली हवा

रेडिएशन विभागातलं अवाढव्य यंत्र सगळ्यांच्या नजरेत भरतं. मोल्ड रूमकडे फारसं कुणी फिरकत नाही. गरम पाण्याची टाकी, तीत मऊ पडणारी जाळीदार प्लॅस्टिकची पत्री, मेण, कात्री, मार्कर. शिंप्याचं दुकानच जणू. डोक्याच्या कातडीचा अँजिओसार्कोमा झालेल्याचं माप इथे घेतात.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उगवणारा हा विरळा कर्करोग, बहुधा उतारवयातला. डोक्यावर जांभळट डाग उठतो आणि ‘कुठेतरी आपटलं असेल’ म्हणून राहून जातो. कातडीखाली तो डागाच्या कितीतरी पुढे पसरलेला असू शकतो. म्हणून अनेकदा अख्ख्या डोक्याच्या कातडीलाच किरण देतात: काही आठवडे रोज थोडे थोडे, एकूण साधारण 50 ते 70 ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक).

ही कल्पना जुनी आहे. 1909 मध्ये लंडनच्या होरेशिओ ॲडमसन यांनी मुलांच्या डोक्यावरच्या गजकर्णासाठी पाच बाजूंनी क्ष-किरण देण्याची पद्धत मांडली. इस्रायलमध्ये हजारो मुलांवर असे उपचार झाले. 1974 मध्ये बारूख मोदान यांच्या अभ्यासातून त्यांच्यात पुढे डोक्या-मानेच्या गाठी वाढल्याचं दिसलं.

ते जुने किरण कातडीवरच सर्वांत प्रखर असत. आजच्या लिनॅकचं, म्हणजे विभागातल्या त्या अवाढव्य यंत्राचं, उलटं. 6 एमव्हीचा (मेगाव्होल्टचा) किरण सरळ आत शिरला, तर पूर्ण जोर धरतो तो सुमारे दीड सेंटिमीटर खोल. एरवी हे वरदान, कारण कातडी वाचते. इथे रोगच कातडीत आणि खाली मेंदू! मग डोक्यावर पाण्याइतक्या घनतेची, अर्धा-एक सेंटिमीटर जाडीची टोपी चढवतात. तिला बोलस म्हणतात. किरण टोपीतच जोर धरतो, आणि मेंदू टाळण्यासाठी तो शक्यतो कडेकडेने, तिरपा सोडतात.

अडतं ते टोपी बसवण्यात. डोकं गोल, पत्री सपाट. कानामागे, मानेच्या खळग्यात ती फुगते. त्या पोकळीतल्या हवेपाशी कातडीला मात्रा कमी पडू शकते, आणि नेमकी तिथेच रोगाच्या पेशी तगायची भीती. थ्रीडी प्रिंटरवर छापलेली टोपी नेटकी बसते, पण तीही पहिल्या दिवसाच्या डोक्याची. मध्यंतरी केस गळतात, कातडी सोलवटते, ओलसर होते, सुजते. कालची घट्ट टोपी आज टोचते, आठवड्याने सैल पडते. टेक्निशियन ती पुन्हा दाबून पाहतो, रुग्ण कळवळतो. फार फरक पडला तर नवं स्कॅन, नवं माप.

टोपी चपखल बसली तरी रोग कधी किरणांच्या हद्दीबाहेर डोकं काढतो, कधी फुप्फुसात. तिथे टोपी पोचत नाही; पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरच्या औषधाची सलाइन लागते.