पासवर्ड ठाऊक आहे, म्हणून?

भिवंडीत आता यंत्रमागांच्या जोडीला पूर्णा, काल्हेर, माणकोलीची गोदामे आहेत. तिथे मालाची आवक-जावक संगणकावर नोंदली जाते. काम गेले, पगार अडकला, की एखाद्याच्या मनात येते: पासवर्ड ठाऊकच आहे, साठ्याच्या नोंदीच पुसून टाकू!

पण नोकरीबरोबर ती परवानगीही संपते. मालक पासवर्ड बदलायला विसरला, म्हणून दार मोकळे होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय आत शिरणे, नोंदी उतरवून घेणे किंवा पुसणे याची भरपाई द्यावी लागते. हेच अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मी एक पैसाही घेतला नाही’ हा बचाव पुरत नाही. दुसऱ्याचे बेकायदा नुकसान करण्याचा हेतूही अप्रामाणिकपणाच ठरतो.

बदनामीचेही तसेच. २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका कर्मचाऱ्याला मालकांविरुद्ध बदनामीकारक ई-मेल पाठवण्यास मनाई केली होती.

मग थकलेल्या पगाराचे काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार काम सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन मिळायला हवे. नेमणूकपत्र, पगारपावत्या, बँकेच्या नोंदी जपा आणि कामगार कार्यालयात लेखी दावा करा. रागात एक कळ दाबली, तर हक्काचा पगार मागणाराच आरोपी होतो.